सेन्तेन्द्रे पायी बघायचं तर: तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात बुडापेस्टला येणाऱ्या एका वाचकाला मी दोनच ओळी लिहिल्या होत्या, की हाताशी एक दिवस जास्तीचा असेल तर डॅन्यूबच्या काठावरच्या सेन्तेन्द्रेला जा आणि गाव गाईडबरोबर पायी बघा. तेवढ्यावरून इतके मेल आले की या वेळचं अख्खं सदर त्या गावालाच देऊन टाकलंय. मला इथे बुडापेस्टात राहायला येऊन नऊ वर्षं झाली, घरी येईल त्या पाहुण्याला मी तिकडे नेतेच, सासूबाईंना तर दोनदा नेलंय, त्यामुळे सांगते ते सगळं पायाखालचं आहे.

नावाचं आधी सांगते कारण तिघांनी विचारलंय. इंग्रजीत बघून लोक "झेंटेंडर" वगैरे म्हणतात, तसं नाही. हंगेरियनमध्ये एस आणि झेड एकत्र आले की आपला स, नुसता एस आला की श, आणि त, द हे अगदी आपल्यासारखे दातावर जीभ लावून म्हणायचे. म्हणून सेन्तेन्द्रे. अर्थ संत एन्द्रे, म्हणजे इंग्रजीतले सेंट अँड्र्यू. आपल्याला हे नाव इंग्रजी माणसापेक्षा सोपं जातं, स्टेशनवर बिनधास्त म्हणा, बरोबर कळतं.

प्रश्न: ताई, मे महिन्यात आई-बाबांना घेऊन येतोय. आई ६८ ची आहे, गुडघे दुखतात. पायी टूर झेपेल का? आणि गाईडला पैसे कशाला द्यायचे, मोबाईलवर सगळं वाचता येतं ना? (एक वाचक, ठाणे)

झेपेल, पण तुम्ही आईच्या चालीने चाललात तर. बुडापेस्टच्या बत्त्यान्यी तेर स्टेशनवरून हेव नावाची लोकल सुटते, एच ५ नंबरची, साधारण ४० मिनिटांत शेवटच्या स्टेशनला म्हणजे सेन्तेन्द्रेला सोडते. एक लक्षात ठेवा, बुडापेस्टचा तीन दिवसांचा पास शहराच्या हद्दीपर्यंतच चालतो, पुढच्या तुकड्याचं जादा तिकीट चढायच्या आधी काढून घ्या, खिडकीवर नुसतं "सेन्तेन्द्रे" म्हणून पास दाखवला की ते देतात. सीझनमध्ये बोटही असते पण ती प्रवाहाच्या उलट जाते म्हणून दीड तास लागतो, जाताना लोकल आणि येताना बोट हा हिशोब आईला बरा पडेल, उतारावर बोट लवकर येते आणि दिवसभर चालून झाल्यावर बसायला मिळतं.

स्टेशनवरून भुयारी रस्त्याने पलीकडे गेलात की कोशुत लायोश रस्ता लागतो, मध्ये ब्युक्योश नावाचा ओढा, मग दुम्त्सा येन्यो रस्ता आणि त्याच्या टोकाला फ्यो तेर, म्हणजे गावचा मुख्य चौक. आरामात पंधरा मिनिटं. इथपर्यंत चढ जवळपास नाहीच. त्रास होतो तो दगडांचा. जुने दगड आहेत, पायाला एकसारखे लागत नाहीत, म्हणून आईला चपला-सँडल नको, बंद बूट घालायला लावा. चौकाच्या वर चर्चची टेकडी आहे, तिथे अरुंद पायऱ्यांचा बोळ जातो, सगळे तिथूनच चढतात कारण फोटो छान येतो, पण मागच्या बाजूने हलक्या चढाच्या रस्त्याने पण वर जाता येतं, गाईडला आधीच सांगून ठेवायचं की आम्ही तिकडून येणार. वर गेल्यावर सगळ्या गावाची लाल कौलं एकमेकांच्या अंगावर रेलल्यासारखी दिसतात आणि त्यातून चर्चचे मनोरे वर आलेले, आणि मागे नदी. सासूबाई तिथे कठड्यावर पाऊण तास बसल्या होत्या, हलल्याच नाहीत.

आता गाईडचं. मोबाईलवर वाचता येतं हे खरंय, पण मोबाईलकडे किल्ली नसते. सेन्तेन्द्रेतली बरीच जुनी चर्च एरवी कुलूपबंद असतात, पूजा असेल तेव्हा उघडतात नाहीतर कोणीतरी ओळखीचं लागतं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आमची गाईड साठीच्या पुढची एक बाई होती, आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली. ओढ्याजवळच्या पोझारेवाच्का चर्चपाशी तिने एका घराची बेल वाजवली, आतून एक आजोबा पंचा खांद्यावर टाकतात तसा टॉवेल टाकून बाहेर आले, हातात वीतभर लांब लोखंडी किल्ली, ती कुलपात दोनदा फिरवली आणि दार आत ढकललं. आत मेणाचा वास. अंधाराला डोळे सरावेपर्यंत काही दिसत नाही आणि मग समोर छतापर्यंत गेलेली चित्रांची भिंत हळूहळू सोनेरी होत जाते. त्या भिंतीला आयकोनोस्तास म्हणतात, आपल्याकडे गाभारा आणि सभामंडप यांच्यामध्ये दार असतं ना तशी ही चित्रांनी भरलेली आडभिंत, पलीकडे फक्त पुजारी जातो. बाईंनी एक शब्द बोलला नाही पाच मिनिटं. हे मोबाईलवर मिळत नाही, पैसे द्या.

प्रश्न: गाव एवढंसं आणि चर्च इतकी कशी? आणि हंगेरीत सर्बियन लोकांची चर्च कुठून आली? फोटो बघून डोकं चक्रावलं. (एक वाचक, नाशिक)

काका, सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा आहे आणि उत्तर लांबणार आहे, कारण हे कळलं नाही तर सेन्तेन्द्रे म्हणजे नुसतं रंगीत भिंतींचं गाव वाटतं.

सुरुवात १६९० सालापासून करते. (आपल्याकडे त्याच वर्षी राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते, म्हणजे काळ कुठला ते डोक्यात येईल.) त्याच्या चार वर्षं आधी, १६८६ ला, ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याच्या सैन्याने बुडा शहर, म्हणजे आजच्या बुडापेस्टचा एक भाग, तुर्कांकडून परत घेतलं होतं आणि ते दक्षिणेला पार बाल्कनमध्ये घुसले होते. तिथल्या सर्बियन लोकांनी त्यांना साथ दिली. पण फासे उलटले, सैन्य मागे हटायला लागलं, आणि ज्यांनी साथ दिली त्यांच्यावर तुर्कांचा सूड येणार हे उघड होतं. तेव्हा त्यांचे धर्मगुरू, पात्रिआर्क आर्सेनिये तिसरे चार्नोयेविच, हजारो कुटुंबं बरोबर घेऊन उत्तरेला निघाले. हाब्सबर्ग सम्राट लिओपोल्डने त्यांना सनद दिली, तुमचा धर्म पाळा, तुमचं कॅलेंडर ठेवा, तुमचा धर्मगुरू तुम्हीच निवडा. त्यातले बरेच जण डॅन्यूबच्या काठाने वर येत येत सेन्तेन्द्रेला थांबले. गाव तुर्कांच्या काळात जवळजवळ ओस पडलं होतं, जागा मोकळी होती.

आणि काका, ते काय घेऊन आले होते बघा. १३८९ च्या कोसोव्होच्या लढाईत मारला गेलेला त्यांचा राजा लाझार, त्याचे अवशेष. घरदार सोडून पळताना तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाला खांद्यावरून आणलं. गावाच्या उत्तरेच्या टोकाला, बोग्दान्यी रस्त्यावरून पुढे गेलं की एक छोटा चौक आहे, लाझार त्सार तेर, तिथे एक क्रॉस उभा आहे. तिथेच त्या लोकांनी लाकडाचं चर्च बांधून राजाला ठेवलं होतं. सात वर्षांनी, १६९७ ला, साधू ते अवशेष घेऊन परत दक्षिणेला गेले. टूरवाले सगळे लोक या चौकातून आईस्क्रीम खात पुढे जातात, कोणी थांबत नाही, माझं दरवेळी मन तुटतं.

आता चर्च इतकी का. लोक वेगवेगळ्या गावांहून आले होते आणि गावोगावचे लोक एकत्र राहिले, प्रत्येक वस्तीने आपलं चर्च बांधलं आणि काहींनी त्याला सोडून आलेल्या गावाचं नाव दिलं. बेलग्रेडवाल्यांचं बेओग्राद्स्का, पोझारेवात्सवाल्यांचं पोझारेवाच्का, बल्गेरियातल्या चिप्रोव्त्सीवरून आलेल्यांचं चिप्रोवाच्का. कातडी कमावणाऱ्यांची वस्ती वेगळी होती, त्यांचं प्रेओब्राझेन्स्का, १७४१ ते १७४६ मध्ये बांधलेलं. एकूण सात ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाची, चर्च झाली. पहिली पन्नासेक वर्षं ही सगळी चर्च लाकडाचीच होती. आमच्या गाईडबाई म्हणाल्या, लाकूड याच्यासाठी की उद्या परत जायचंय असंच सगळ्यांना वाटत होतं. मग नातवंडं झाली, द्राक्षाचे मळे लागले, डॅन्यूबवरून व्यापार सुरू झाला, आणि १७४० नंतर एकेक करून दगडाची चर्च उभी राहिली. म्हणजे या गावात दगडी चर्च दिसलं की समजायचं, इथे कोणीतरी परत जायचं नाही असं ठरवलं. बाई हे सांगत होत्या आणि मला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली मराठी कुटुंबं आठवत होती, दोन वर्षांसाठी म्हणून आलेली आणि आता मुलं इथल्या शाळेत.

मुख्य चौकातलं ब्लागोव्हेश्तेन्स्का चर्च १७५२ ते १७५४ मधलं, आतली चित्रभिंत मात्र नंतरची, १८०२ ते १८०४ ला मिखाइलो झिव्हकोविच या चित्रकाराने केलेली, त्यामुळे तिथले संत जरा मऊ, माणसासारखे दिसतात, पोझारेवाच्कामधले जुन्या वळणाचे, ताठ आणि मोठ्या डोळ्यांचे. दोन्ही एका दिवसात बघा म्हणजे फरक लगेच लक्षात येतो. चौकाच्या मध्यभागी १७६३ चा क्रॉस आहे, सर्बियन व्यापाऱ्यांच्या मंडळीने लावलेला, प्लेगमधून वाचलो म्हणून. वर बेओग्राद्स्का चर्च, लाल मनोऱ्याचं, बुडाच्या सर्बियन बिशपची गादी आजही तिथे आहे आणि त्यांचं धार्मिक वस्तूंचं म्युझियम पण गावात आहे.

एक गोष्ट स्वतः तपासून बघा. चर्च रस्त्याच्या रांगेत नाहीत, थोडी तिरकी बसलीयेत. कारण ऑर्थोडॉक्स चर्चची वेदी पूर्वेला हवी, रस्ता कुठेही जाऊ दे. आपली देवळं पण अशीच दिशा बघून बांधलेली असतात, त्यामुळे सासूबाईंच्या हे गाईडच्या आधी लक्षात आलं.

मग सर्बियन लोक गेले कुठे? १८८० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाची कीड आली, द्राक्षवेलींच्या मुळांवर बसणारी, युरोपभर तिने मळे खलास केले तसे इथलेही केले. गावाचं पोट वाईनवर होतं. पैसा आटला. पहिल्या महायुद्धानंतर सीमा बदलल्या आणि बरीच कुटुंबं दक्षिणेला नव्या देशात निघून गेली. आता अगदी थोडी उरलीयेत. चिप्रोवाच्का कॅथलिकांकडे गेलं, दुसरं एक प्रोटेस्टंटांकडे. पण हीच गरिबी गावाला वाचवून गेली असं मला वाटतं, कारण जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसाच नव्हता, १८व्या शतकातली घरं तशीच राहिली, आणि भाडं कमी म्हणून १९२० च्या दशकात चित्रकार येऊन राहायला लागले, त्यांची वसाहत झाली आणि मग म्युझियमं.

प्रश्न: ताई, राग मानू नका पण आम्ही गेल्या वर्षी ग्रुप टूरने सेन्तेन्द्रेला गेलो आणि काहीच आवडलं नाही. दीड तास दिला, त्यातला एक तास दुकानांत, सोमवार असल्याने म्युझियम बंद. तुम्ही एवढं कौतुक करता म्हणून विचारते, आमचं काय चुकलं? (एक वाचिका, पुणे)

तुमचं काही चुकलं नाही, तुमच्या टूरवाल्याचं चुकलं. सोमवारी इथली बहुतेक म्युझियमं बंद असतात हे ज्याला माहीत नाही त्याने लोकांकडून पैसे घेऊ नयेत, आणि माहीत असून नेलं असेल तर जास्तच वाईट. पैसे साठवून, सुट्टी काढून माणूस आयुष्यात एकदा येतो इथे.

पुढच्यांसाठी सांगते. बुकिंग करताना तीन गोष्टी सरळ विचारा: चर्चच्या आत नेणार का आणि कुठल्या, किती वेळ चालणार, आणि दुकानात थांबा आहे का. पहिल्याचं उत्तर "बाहेरून बघू" असं आलं तर सोडून द्या. दुम्त्सा येन्यो रस्त्यावर टुरिनफॉर्म म्हणून सरकारी माहिती केंद्र आहे, तिथे गावातल्या गाईडबद्दल विचारता येतं. गावातला माणूस आणि बुडापेस्टवरून बसने आलेला माणूस यात खूप फरक पडतो. दोन अडीच तास चालणं, मग जेवण, मग एक म्युझियम, असा दिवस ठेवा. एकच म्युझियम.

आणि ते एक कुठलं असं विचाराल तर कोवाच मार्गितचं. (इथे आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं, आणि कोवाच म्हणजे लोहार.) ही बाई १९०२ ला जन्मली, १९७७ ला गेली, आयुष्यभर मातीची शिल्पं केली, आणि १९७३ मध्ये ती हयात असतानाच चौकाच्या मागच्या एका जुन्या घरात तिचं म्युझियम उघडलं. मातीच्या बायका. लांब माना, मिटलेले ओठ, आणि हात फार मोठे. एक बाई पाव छातीशी धरून कापतीये, तिच्या बोटांकडे बघा, माती दाबल्याच्या खुणा तशाच ठेवल्यात, आणि ज्या प्रेमाने तिने तो पाव धरलाय तसं आपल्याकडे बायका बाळ धरतात. मी तिथे पाच सहा वेळा गेलीये आणि प्रत्येक वेळी त्याच बाईपाशी थांबते. पुन्हा याल तेव्हा मला मेल करा, मी स्वतः घेऊन जाईन तुम्हाला, मंगळवारी.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहावं लागेल का? (एक वाचक, जळगाव)

अजिबात नाही. लांगोश खा. यीस्ट घालून आंबवलेल्या पिठाची तळलेली मोठी चपटी पुरी, भटुऱ्याचा मोठा भाऊ म्हणा, त्यावर लसणाचं पाणी ब्रशने लावतात, मग आंबट साय आणि किसलेलं चीज. काही ठिकाणी पिठात बटाटा घालतात, तो जास्त मऊ होतो. पण एक प्रश्न विचारायलाच हवा, तळलंय कशात, कारण जुन्या पद्धतीत डुकराची चरबी वापरतात. "ओलाय" म्हणजे तेल, "झीर" म्हणजे चरबी. ओलाय ऐकू आलं तरच घ्या. सूपमध्ये भाजी दिसली तरी पाणी बऱ्याचदा मांसाचं असतं, म्हणून "हूश नेल्क्यूल" म्हणजे मांस नको असं सांगायचं. उन्हाळ्यात आंबट चेरीचं गार सूप मिळतं, ते सहसा फळांचं आणि सायीचं. गोडात रेतेश, पापुद्र्यांची गुंडाळी, खसखशीची घ्या.

मार्झिपानचं म्युझियम पण आहे दुम्त्सा येन्यो रस्त्यावर, बदाम आणि साखरेच्या मिठाईचे पुतळे, मुलं बरोबर असतील तर त्यांना फार आवडतं. गोव्यातल्या वाचकांना ही मिठाई नवीन नाही, तिकडे बदामाऐवजी काजूचं करतात.

प्रश्न: तिथे निळ्या कापडावर पांढरी नक्षी असलेले टेबलक्लॉथ मिळतात म्हणे. खरं कसं ओळखायचं? माझं ब्लॉक प्रिंटचं छोटं काम आहे. (एक वाचिका, औरंगाबाद)

त्याला केकफेश्त्यो म्हणतात, शब्दशः निळं रंगवणारा. तुम्हाला तर हे बघून घरच्यासारखं वाटेल. आधी पांढऱ्या सुती कापडावर लाकडी ठशाने एक लेप छापतात, नक्षी बारीक असेल तर ठशात पितळेच्या पिना बसवलेल्या असतात. लेप वाळला की कापड निळीच्या खोल हौदात बुडवायचं, बाहेर काढलं की ते हिरवट असतं आणि हवा लागली की बघता बघता निळं होतं, असं पुन्हा पुन्हा करायचं, जितक्या बुड्या तितका गडद. शेवटी लेप धुऊन काढला की त्याखालचं पांढरं उघडं पडतं. म्हणजे आपल्या राजस्थानच्या दाबू छपाईचंच तत्त्व, आपण चिखल लावतो, ते लोक त्यांचा लेप लावतात.

आणि नीळ कुठून आली? युरोपात पूर्वी वोड नावाच्या झाडाच्या पानातून निळा रंग काढायचे, तो फिका पडायचा. मग समुद्रमार्गे भारतातली नीळ जायला लागली आणि हा धंदा खरा बहरला. त्या निळीमागे आपल्याकडच्या शेतकऱ्यांचे काय हाल झाले ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून मी ते कापड हातात घेतलं की मला नुसतं सुंदर म्हणून सोडून देता येत नाही. २०१८ साली युनेस्कोने ऑस्ट्रिया, चेक, जर्मनी, हंगेरी आणि स्लोव्हाकिया अशा पाच देशांची ही कला मिळून वारसा यादीत घेतली.

ओळखायचं सोपं आहे. कापड उलटं करा. मागची बाजू पांढरी किंवा फिकट असेल तर ते मशीनवर वरून छापलेलं आहे. हौदात बुडवलेलं कापड मागून पण निळंच असतं. अजून एक, नव्या कापडाला हलकी चकाकी असते, ते जड रुळाखाली दाबतात म्हणून. पहिल्या दोन तीन धुण्यात रंग जातो, वेगळं धुवा.

प्रश्न: मी मुंबईत जे.जे.ला शिकते. अमृता शेर-गिलची आई हंगेरियन होती. सेन्तेन्द्रेच्या चित्रकारांशी तिचा काही संबंध? डॅन्यूबकाठी तिचं काही बघता येईल का? (एक विद्यार्थिनी)

सेन्तेन्द्रेच्या वसाहतीत ती होती असं सांगणारं माझ्याकडे काही नाही, म्हणून ते जोडत नाही. पण डॅन्यूब मात्र तिच्या आयुष्यात भरपूर आहे. ती जन्मली बुडापेस्टला, ३० जानेवारी १९१३ ला, आणि लहानपणीची वर्षं दुनाहाराश्तीमध्ये गेली, ते पण नदीकाठचंच गाव, बुडापेस्टच्या दक्षिणेला. तिचा मामा एर्विन बाक्तोय भारताचा अभ्यासक होता, तिला चित्रकलेकडे ढकलणाऱ्यांपैकी एक. १९२१ ला कुटुंब भारतात गेलं.

तुला जायचं असेल तर झेबेगेन्यला जा. सेन्तेन्द्रेच्या वर नदी जिथे मोठं वळण घेते त्या भागात, पण पलीकडच्या काठावर, न्युगाती स्टेशनवरून सोबकडे जाणारी ट्रेन पकडायची. १९३८ मध्ये अमृता इथे होती आणि तिने तिथल्या बाजाराचं चित्र काढलं, मागे पांढरं चर्च आणि पुढे काळ्या कपड्यातल्या बायका. ते चर्च अजून उभं आहे. त्या चित्राच्या दीड वर्षाहून जास्त आधी ती अजिंठा आणि वेरूळ बघून आली होती आणि १९३७ ला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक तिला मिळालं होतं. तू झेबेगेन्यच्या त्या चौकात उभी राहिलीस ना की त्या बायकांच्या ठेवणीत, त्या एकत्र उभ्या राहण्यात, तुला अजिंठा दिसतो का ते बघ. मला दिसतो. तुला वेगळं वाटलं तर नक्की लिही, तू चित्रं शिकतेस, तुझी नजर जास्त तयार असेल.

प्रश्न: आम्ही २०१९ चा पूर घरात बघितलाय, दुसऱ्या मजल्यापर्यंत. इतकं जुनं गाव नदीला एवढं चिकटून, तिथे पूर येत नाही का? (एक वाचक, सांगली)

येतो दादा, येतो. आधी एक सांगते, गावासमोर जी नदी दिसते ती अख्खी डॅन्यूब नाही. समोर सेन्तेन्द्रे बेट आहे, ३१ किलोमीटर लांब, त्याच्या दोन बाजूंनी नदी फुटते आणि गावाकडे धाकटा फाटा येतो. म्हणून पात्र शांत, अरुंद वाटतं आणि लोक म्हणतात एवढीच का डॅन्यूब. पण आल्प्समध्ये पाऊस कोसळला की हाच फाटा फुगतो. जून २०१३ मध्ये बुडापेस्टला पाणी ८९१ सेंटीमीटरवर गेलं होतं, आजवरचा विक्रम.

गावकऱ्यांपुढे पेच असा होता की कायमची उंच भिंत बांधली तर नदी दिसायची बंद होणार, आणि नदी दिसली नाही तर हे गाव गावच राहत नाही. म्हणून त्यांनी सुटी भिंत केली. काठावर दुना कोर्झो म्हणून फिरायचा रस्ता आहे, तिथे चालताना खाली बघा, ठरावीक अंतरावर जमिनीत धातूच्या पट्ट्या बसवलेल्या दिसतील. पुराचा इशारा आला की त्यात खांब उभे करतात आणि दोन खांबांच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक सरकवत जातात, आपल्याकडे जुन्या दुकानांना फळ्या लावायचे तशाच, फक्त आडव्या. पाणी उतरलं की सगळं काढून गोडाऊनला.

सप्टेंबर २०२४ ला मध्य युरोपात मोठा पूर आला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले होते. लोकलमध्ये सगळे गप्प होते. कोर्झोवर भिंत उभी, अलीकडे कॅफेच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या, पोरं वाळूची पोती एकमेकांच्या हातात देत होती, आणि फळ्यांच्या पलीकडे नदी, तपकिरी, झाडांच्या फांद्या घेऊन जाणारी, आमच्या पायापेक्षा वर. एका जोडातून पाण्याची बारीक धार येत होती आणि एक आजी तिच्याखाली बादली ठेवून उभ्या होत्या, भरली की दुसरी लावायच्या. मी विचारलं, काही मदत करू का. त्यांनी भरलेली बादली माझ्या हातात दिली आणि गटाराकडे बोट दाखवलं.